पडवीतली खुंटी

प्रिय माय,

आज भागरता आपल्या शाळेत बाई म्हणून रुजू झाली! सकाळी आली, हजेरीबुकात सही केली, दिवसभर पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावली, आणि शाळा सुटल्यावर मला म्हणाली, "गुर्जी, तुमच्या घरी चला. मले ते खुटी पाहाची हाय."

मी इतका गडबडलो की टोपी शाळेतच विसरलो. घरी येऊन ती कशी वागली ते तुला सांगायचंय, त्यासाठीच हे पत्र. पण ते सांगायला आधीचं सगळं सांगावं लागेल, आणि त्यात मी तुझ्यावर थोडा रागावणारही आहे. ऐकून घे.

तू जाऊन दोन वर्षं झाली. तू होतीस तेव्हा तरी तुला खरं पत्र कुठे लिहिलं मी? भंडाऱ्याला मास्तरकी शिकत होतो तेव्हा महिन्याला एक कार्ड टाकायचो. तुला वाचता येत नव्हतं, पोस्टमन चावडीपुढे उभा राहून खड्या आवाजात वाचायचा आणि अर्धं गाव ऐकायचं. मग "मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा" याच्यापुढे काय लिहिणार? आता मधे पोस्टमन नाही. मोकळं लिहितो.

पडवीच्या खांबातली ती सागाची खुंटी. मी शाळेतून आलो की तुझी हाक यायची, "थांब तितंच!" शाळेचा सदरा खुंटीवर जायचा. मी अंगणातल्या दगडावर उभा राहायचो. तू गडव्याने डोक्यावरून पाणी ओतायचीस, पदराने डोकं पुसायचीस, घरातला सदरा घालायचीस, आणि मगच मला उंबरा ओलांडू द्यायचीस. कारण विचारलं तर एवढंच, "शाळेत कोनाकोनाची पोरं बसते, काय माईत!"

थंडीत तू ते पाणी कोमट करून ठेवायचीस. खरं सांगू? दिवसातली ती माझी सगळ्यात आवडती वेळ होती. दिवसभर शेतात राबणारी माझी आई तेवढा वेळ नुसती माझी असायची. मला जातपात कुणी छडी मारून शिकवली नाही, माय. तू ती कोमट पाण्याने शिकवलीस! आणि पुसून झालं की हातावर गुळाचा खडा द्यायचीस.

मग स्वातंत्र्य आलं, मी मास्तर झालो आणि नेमणूक मिळाली ती आपल्याच गावात. किती ऐट होती मला! पहिल्याच दिवशी दाराजवळची ती वेगळी तरटपट्टी मी उचलून बाहेर फेकली. गाव ज्याला महारटोला म्हणायचं तिथली पोरं तिच्यावर बसायची. मी सगळ्यांना मिसळून बसवलं. माठ एक, गडवा एक, आणि शाळेमागच्या विहिरीवरून पाणी भरायची पाळी सगळ्यांची. कुणी कुरकुरलं तर मी कायदा सांगायचो. डिप्टी साहेब तपासणीला आले तेव्हा मी समतेवर असं भाषण ठोकलं की साहेबांनी दोनदा मान हलवली.

आणि संध्याकाळी? बायको घरात असलेला हा मास्तर अंगणात दगडावर उभा, आणि आई डोक्यावर पाणी ओतते आहे! तुझी सून चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसायची. मला त्यात काहीच खटकत नव्हतं. शाळा शाळेच्या जागी, घर घराच्या जागी, आणि आईचं मन कशाला मोडायचं, असं मी स्वतःला सांगायचो.

भागरता तेव्हा चौथीत होती. टोल्यातल्या डोमाजीची पोरगी, हडकुळी, तोंडाची फटकळ. टोल्यातली एकही पोर तोवर चौथी पास झालेली नव्हती. ही होणार होती, मला खात्री होती. पास झाली की गोरेगावच्या शाळेत पुढे जाणार होती. नाही तर बिड्या वळायला बसणार होती, तिच्या थोरल्या बहिणीसारखी.

तिची पाणी भरायची पाळी आली. आता कबूल करतो, याआधी दोनदा ती पाळी मीच चुकवली होती. एकदा माठ जड आहे म्हणून, एकदा पोरीला खोकला आहे म्हणून. त्या दिवशी ती स्वतःच घागर घेऊन निघाली. काठोकाठ भरून पाणी आणलं, माठाला फडकं बांधलं. आणि दिवसभर कुणबी-तेल्यांच्या पोरांनी त्या माठाला हात लावला नाही. मधल्या सुट्टीत घरी पळाली, पाणी पिऊन आली.

मी चिडलो. सगळ्यांना उभं केलं. "पाण्याला जात असते का रे?" वगैरे सगळं झालं. एक पोरगं म्हणालं, "गुर्जी, माय मारते." मी म्हटलं, तुझ्या मायला मी पाहून घेईन! मग सगळ्यांच्या देखत मी गडवा बुडवला आणि घटाघटा प्यालो.

भागरता कोपऱ्यातून म्हणाली, "गुर्जी, मंग तुमचा सदरा घरात काऊन नाई जात?"

"काय?"

"शाळेचा सदरा. रोज खुटीवर राह्यते ना पडवीत. आमची वाट तुमच्या कुंपनाजवळूनच जाते. मी रोज पाह्यतो."

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्याही घरी खुंट्या होत्या. मी दिवसा जे शिकवत होतो ते रोज संध्याकाळी पाण्याने धुतलं जात होतं, आणि त्यात मास्तरांचा नंबर पहिला होता.

त्या संध्याकाळी मी सदरा काढला नाही. आठवतंय? तू गडवा घेऊन उभी.

"सदरा काढ."

"नाही काढत."

"पिऊन आला काय रे?"

"हो, शाळेचं पाणी पिऊन आलो. भागरतानं भरलेलं."

तू गडवा खाली ठेवलास आणि उंबऱ्यात आडवी उभी राहिलीस. "मंग पडवीतच राय. माह्या देवाच्या घरात असा नाई येऊ देत."

राहिलो! धान कापून झाले होते, खळ्यावर मळणीचं चुरणं चालू होतं, थंडी हाडात शिरत होती. नऊ दिवस मी पडवीत जेवलो, पडवीत झोपलो. तू उंबऱ्याच्या आतून ताट सरकवायचीस, लाखोळीची डाळ दोन पळ्या जास्त वाढायचीस आणि एक शब्द बोलायची नाहीस. गोधडी मात्र अशी भिरकावायचीस की तोंडावर येऊन पडावी. हट्टीपणात आपण दोघे कुणाला हार जाणारे नव्हतो. गाव येता-जाता कुंपणातून डोकावून मजा बघून जायचं.

दहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत तू शाळेत आलीस. डोक्यावर पदर, कपाळाला आठ्या. मी पळत बाहेर आलो तर मला हाताने बाजूला केलंस आणि थेट भागरतापाशी गेलीस. "पोरी, पानी दे."

विहिरीवरच्या बाया धुणं टाकून बघत राहिल्या. भागरतानं गडवा भरून दिला. तू उभ्याने प्यालीस, सगळा. रिकामा गडवा तिच्या हातात दिलास, "थंडं हाय," म्हणालीस आणि आलीस तशी निघून गेलीस.

माय, त्या दिवशी मी सदऱ्यासकट घरात शिरलो आणि जिंकल्यासारखा फिरत होतो! आणि दुसऱ्या दिवशी तर कमालच. माठ दुपारपर्यंत रिकामा. दौलत मास्तराच्या मायनं पेलं, मग आपल्याला काय, असं म्हणत सगळी पोरं प्याली. मी आनंदाने हजेरी घ्यायला बसलो.

भागरता नव्हती. टोल्यातलं एकही पोर नव्हतं.

मला काही कळेना. घरी आलो तर तुझी सून हळूच म्हणाली, "काल शाळेतून आल्यावर तुमच्या मायनं दगडावर बसून डोक्यावरून पानी घेतलं. टोल्यातल्या बाया शेण घेऊन वाटेनं चालल्या होत्या. सगळ्यायनं पाह्यलं."

मी तुझ्यावर ओरडलो. आजवर कधी ओरडलो नव्हतो तसा. "माय, तू आंघोळ केलीस?"

"हाव, केली."

"प्यालीस कशाला मग?"

"तू पडवीत मरून राहिला होता म्हनून पेली. आन् घरी आली तं हात आपलाच गडव्यावर गेला. जिंदगीभर गेला, तसा गेला. मी का ठरवून केली?"

हे तुझं खरं होतं. आज मला कळतं. तेव्हा मी पाय आपटत टोल्यात गेलो.

डोमाजी अंगणात खाट विणत होता. मला बसायला त्याने पोतं टाकलं, स्वतः उभा राहिला. मी म्हटलं, पोरीची परीक्षा होळीनंतर आहे, तिला पाठव. त्याने सुतळी ओढून घट्ट केली.

"गुर्जी," तो म्हणाला, "पानी पेले, मोठा उपकार झाला. पन पानी पोटात गेलं आन् आंघोळ वरून केली. हे कसं? आमी का वरूनच लागतो, आतून लागत नाई?"

"माझी आई जुनी आहे, डोमाजी."

"माहीबी जुनीच हाय. माह्या मायनं सांगतलं होतं, शाळेच्या नादी नोको लागू, ते सरकारचं हाय. सरकार कागदावर राह्यते, गाव घरात राह्यते. पोरीले म्या तरी पाठवलं." त्याने सुतळी तोडली. "काल पोरगी घरी येऊन रडली नाई. गडवा मातीनं घासत बसली. आपलाच, घरचा. म्हने, आपला हात लागते तं घासला पाह्यजे ना. मले तेच पाह्यलं नाई गेलं. नाई पाठवत मी आता."

त्याच्यापुढे कुठला कायदा सांगू? उठून आलो. तो शब्द न शब्द मी तुला सांगितला. पोरीनं घरचा गडवा घासला, तेसुद्धा. तू तांदूळ निवडत होतीस. निवडत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत होतो, म्हणून हे मला तुझ्या सुनेनं सांगितलेलं आहे. तू माझा कालचा शाळेचा सदरा, मळका, खडूने भरलेला, आतल्या पेटीजवळून उचललास. भर दुपारी, बाया वाटेवर असताना, तो घेऊन अंगणात आलीस आणि सगळ्यांना दिसेल असा उंबरा ओलांडून आत नेऊन देवाच्या कोनाड्याशेजारी टांगलास. भागरता डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन कुंपणाजवळून चालली होती. तू हाक मारलीस.

"ए पोरी! इकडं ये. येऊन पाय, सदरा कुठं हाय."

ती कुंपणापाशी थांबली, भारा डोक्यावर तसाच. "बाई, तुमी आंघोळ केली होती."

"केली. चुकलं माह्यं."

वाटेवरच्या बाया ऐकत होत्या, तुझी धाकटी जाऊ ऐकत होती, आणि तू अकरा वर्षांच्या पोरीला म्हणालीस, चुकलं माह्यं! तुझी सून सांगते, भागरतानं तिथूनच उघड्या दारातून सदरा पाहिला, रिकामी खुंटी पाहिली आणि म्हणाली, "आज हाय. उद्या पाहीन."

आणि पाहिलंच की तिनं! रोज दुपारी काटक्या आणायच्या निमित्तानं कुंपणाशी थांबायची. तू आतून ओरडायचीस, "पाय वो बाई, रिकामी हाय!" डिप्टी साहेबांनी माझी अशी कडक तपासणी कधी घेतली नाही. मी रोज शाळेतून येऊन सरळ आत जायचो, तू गडव्याकडे पाठ करून बसायचीस. दोन्ही हात मांडीखाली दाबून! मी पाहिलंय ते, माय. तुला वाटायचं मला दिसत नाही.

आठवड्याने भागरता शाळेत आली. मागोमाग टोल्यातली बाकीची पोरं. होळीनंतर ती चौथी पास झाली आणि डोमाजीने मला भेंडीची भाजी आणून दिली, तू ती घरात घेतलीस, धुतलीस, आणि फोडणी दिलीस.

आता माझा गुन्हा ऐक. पुढच्या वेळी डिप्टी साहेब आले, एक माठ पाहून खूश झाले, शेऱ्याच्या वहीत माझं नाव लिहिलं. "हे कसं साधलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "प्रयत्नाने साधलं साहेब." तुझं नाव घेतलं नाही. भागरताचंही नाही. ती वही अजून शाळेच्या पेटीत आहे आणि मला ती उघडवत नाही.

आणि तुझा गुन्हा? तू मला काहीच सांगितलं नाहीस. तुझ्या तेरवीला मामी बोलून गेली, की त्या वर्षीच्या मामाच्या घरच्या लग्नात, तू ते पाणी प्यालीस म्हणून, तुला बायांच्या पंगतीत बसू दिलं नव्हतं. वेगळं पान मांडलं, गोठ्याच्या बाजूला. सख्ख्या भावाच्या घरी! तू घरी येऊन म्हणालीस, लग्न झकास झालं, बुंदी चांगली होती. मला का नाही सांगितलंस गं? मी काय केलं असतं, भांडलो असतो? बहुतेक भांडलोच असतो. म्हणून नसशील सांगितलं. पण त्याचा मला अजून राग आहे, हे लिहून ठेवतो.

आता आजचं.

भागरता शिकून, परीक्षा देऊन, पांढरं लुगडं नेसून बाई होऊन आली. टोल्यानं बुद्धाचा धर्म घेतला, वस्तीचं नावही बदलून घेतलं, ती ते नाव ताठ मानेने सांगते. पडवीत आली. खुंटीसमोर उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती कसली रडते! छत्री खुंटीवर अडकवली, चपला काढल्या आणि सरळ आत गेली. माठातलं पाणी आपल्या हाताने घेऊन प्याली आणि तुझ्या सुनेला म्हणाली, "काकू, च्या ठेवा ना, डोकं चढलं पोट्ट्यायच्या कल्ल्यानं."

रडलो मी. तिला दिसू नये म्हणून तुझ्या देवाच्या कोनाड्याकडे तोंड करून उभा राहिलो.

चहा पिता पिता तिनं विचारलं, "गुर्जी, गावात आनखी किती घरी अशी खुटी हाय?"

"आता कुठे? दहा वर्षं झाली."

"जाऊन पाह्यलं काय?"

नव्हतं पाहिलं, माय. दहा वर्षं मी माठ बघत बसलो. पोरं एका माठातून पितात, एका पट्टीवर बसतात, झालं, असं धरून चाललो.

"मी याच वाटेनं आली आन् गेली," भागरता म्हणाली. "एका हाताचे बोटं पुरत नाई. पाह्याचं असन तं चला माह्यासोबत."

पहिल्यांदा राग आला. कालची पोर, आणि हेडमास्तरला शिकवते! मग तू आठवलीस, तांदूळ निवडत ऐकून घेणारी, आणि मीही ऐकून घेतलं. चहा संपवून आम्ही दोघं गावातून एक फेरी मारून आलो. ती खरं सांगत होती. आमच्याच शाळेतून चौथी पास झालेल्यांच्या घरी सुद्धा! ज्यानं तेव्हा "माय मारते" म्हटलं होतं, तो आता घरचा कर्ता झालाय, आणि त्याच्या पडवीत धाकट्या भावाचा चिमुकला सदरा टांगलेला होता. मला पाहून लाजला. बरं झालं लाजला. लाजतो म्हणजे त्याला कळतंय, आणि ज्याला कळतंय त्याच्यापाशी बोलता येतं.

तेव्हा आता मी आणि भागरतानं ठरवलंय, आणि तुला हे वचन म्हणून सांगतो. दर शनिवारी सकाळची शाळा शाळेत भरणार नाही. कुणाच्या तरी अंगणात भरेल. पहिला शनिवार आपल्या अंगणात, त्याच दगडाभोवती. दुसरा डोमाजीच्या अंगणात. मग ज्या ज्या पडवीत सदरा टांगलेला दिसला त्या प्रत्येक अंगणात, आणि पाणी त्याच घरचं, सगळ्या पोरांनी प्यायचं. दार लावून घेतलं तर कुंपणाबाहेर बसू. पुढच्या वर्षी परत जाऊ. भागरता येता-जाता बघणार आहेच, आणि ती कशी बघते ते तुझ्याइतकं कुणाला माहीत!

आणखी एक. हे कुणालाच सांगितलेलं नाही. टोल्यातून परत आलो की अजूनही कधीकधी माझा हात आपोआप गडव्याकडे जातो. थांबतो, पण जातो. तू मांडीखाली हात दाबून बसायचीस ते मी उगीच नाही ओळखलं. येत्या शनिवारी, आपल्या अंगणात, पोरांसमोर, त्यांच्या आयांसमोर आणि भागरतासमोर मी हे मोठ्याने सांगणार आहे. पोस्टमन तुझी कार्डं वाचायचा तसं खड्या आवाजात. आणि शेवटी तुझेच शब्द म्हणणार आहे, चुकलं माह्यं.

खुंटी काढलेली नाही. तिच्यावर छत्री आहे.

सदरा अंगातच आहे,
तुझा दौलत